शेजारचा कोळी

अंधेरी, १९७२

बाबा,

आज बालवाडीच्या ट्रेनिंगमध्ये माझा पाठ झाला. आमच्या जर्मन बाईंचा नियमच आहे, एवढ्या लहान मुलांना अक्षरं शिकवायची नाहीत. त्यांच्यासमोर हातानं खरं काम करायचं, बघून ती शिकतात. बाकीच्या पोरींनी लोकर आणलेली. मी सुतळी घेऊन जाळं विणायला बसले. पोरं गपचूप भोवती जमली.

बाई खूश! "कुणी शिकवलं गं?"

इथं सगळ्यांना मी सांगितलंय, तू ऑफिसात कारकून आहेस. पटकन म्हणाले, "शेजारी एक कोळी राहायचा."

तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही. हे पत्र पेटीत टाकलं तर तुझी पत्रं वाचणारा चंदू ते तुला अंगणात मोठ्यानं वाचून दाखवेल, म्हणून टाकत नाही.

बाबा, मी ते खोटं बोलले तेव्हा पोरं समोरच बसली होती रे. माझ्याकडेच बघत.

तुझीच,
हिरू