गिळताना दुखतंय का?

९ जानेवारी २००५
पुण्याहून येऊन बारा दिवस झाले, अजून मुगाचं पाणीच! छातीतली धडधड थांबली, हे कबूल. मांडीच्या शिरेतून तार घातली आणि काळीज आतून डागलं. लहानपणी आजीनं पोट डागलं होतं, तेव्हा निदान गुळाचा खडा तरी मिळाला होता.

डॉक्टर म्हणाले, "गुरुजी, अन्ननलिका हृदयाच्या पाठीलाच चिकटून जाते. तिला आच लागली असेल तर दोन-तीन आठवड्यांनी भोक पडू शकतं. हजारात एखाद्याला होतं, पण जिवावर बेततं. गिळताना दुखलं, ताप आला, तर तडक निघून या."

हे बायकोसमोर, शिवकांतासमोर सांगितलं. तिथंच घोटाळा झाला!

१२ जानेवारी
"गिळताना दुखतंय का ओ?" — घासागणिक हाच जप! बायको आहे की फौजदार?

वर नातीचं पहिलीचं पुस्तक घेऊन माझ्यासमोरच बसते. साठीला आली, आता बाराखडी! अख्ख्या युसूफ वडगावला मी शिकवलं, हिला शिकवायला मात्र कधी वेळ काढला नाही. तेही खरंच. वर्षाराणी खिदळत होती, "आजीला 'ळ' येत न्हाई!"

१५ जानेवारी
शेजारच्या बंकटच्या रानात हुरडा. सगळ्यांची नजर चुकवून ओंजळभर खाल्ला, वर शेंगदाण्याची चटणी. लई दिवसांनी तोंडाला चव!

१७ जानेवारी
गिळताना छातीत मागं सलतं. हुरडाच घासला असणार. खाल्ला कशाला, बे मास्तर?

तिनं विचारलंच. "न्हाई," म्हणालो.

१९ जानेवारी
अंगात कणकण. पाणीसुद्धा टोचतं. हुरड्याला चार दिवस झाले, आता त्याच्यावर तरी किती ढकलू?

पुन्हा पुणं, पुन्हा त्या नळ्या, परक्या पोरींसमोर उघडं पडून राहणं — नको! नको म्हणजे नको! लई भीती वाटते. झालं, लिहून टाकलं. या घरात माझी वही वाचतंय कोण?

२० जानेवारी
वही उघडली. सतरा तारखेच्या ओळीखाली, 'गिळताना'पासून 'सलतं'पर्यंत, हळदीचं बोट ओढलेलं. 'ळ'पाशी डाग दाट आहे. तिथं अडली असणार.

दारात पुण्याला न्यायला जीप उभी आहे.