शेखरच्या हातातलं कार्ड

९ जानेवारी
माझे फोटो बघून विकलेल्या सविताताईंच्या पैठण्या परत आल्या! फोटोत चिंतामणी निळी दिसते, हातात रामा हिरवी निघते — गिऱ्हाइकांची तक्रार. पुन्हा असं झालं तर काम दुसऱ्या स्टुडिओला, हे ताईंनी अगदी गोड आवाजात सुनावलं.

११ जानेवारी
कॅमेऱ्याने आपल्या मनाने रंग ठरवणं, म्हणजे ऑटो व्हाइट बॅलन्स, बंद. आता प्रत्येक साडीबरोबर आधी राखाडी कार्डाचा फोटो. कार्ड राखाडी आलं की बाकीचे रंग ताळ्यावर येतात. कार्ड धरायला शेखर. नवरा म्हणून नाही तरी स्टँड म्हणून उपयोगी पडतोस, म्हटलं. हसला, पण लगेच खाली बसला. हल्ली फार दमतो.

१४ जानेवारी
नुसता वैताग! कार्ड बरोबर, साडी बरोबर — आणि कार्ड धरलेला हात पिवळा. ट्यूबलाइट बंद केल्या, पडदा काढला, तरी पिवळाच. सासूबाई तिळगूळ घेऊन ताटकळल्या आणि मी लॅपटॉपशी भांडत बसले.

१५ जानेवारी
सकाळी त्याला गच्चीत उन्हात उभं केलं. कॅमेरा घेतलाच नाही. डोळ्यांतलं पांढरंसुद्धा पिवळं!
रोज याच्यासमोर बसून जेवते मी. मेले, बघत कुठे होतीस?

१७ जानेवारी
सासूबाई निर्धास्त. "कावीळच हाय. हरसूलची माळ घातली का उतरंल." शेखरने त्यांच्या समाधानासाठी ती काविळीची माळ घातली; माळ लांबत खाली उतरली की कावीळ उतरली, म्हणे. डॉक्टरांनी मात्र सोनोग्राफी केली आणि लगेच सीटी स्कॅन सांगितला. इतकी घाई कशाला, विचारलं. आधी रिपोर्ट येऊ द्या, म्हणाले. शेखर म्हणतो, दुखत तर काहीच नाही. मीही तेच धरून बसलेय.

२१ जानेवारी
सविताताईंचा मेसेज — रंग हुबेहूब, यापुढे सगळं काम तुझ्याकडेच. वाचला आणि फोन पालथा ठेवला.

२४ जानेवारी
स्वादुपिंडाचा कॅन्सर. यकृतात पसरलाय. ऑपरेशनचा उपयोग नाही, म्हणाले. सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही. त्या माळ किती उतरली ते बघतायत.

२ फेब्रुवारी
शेखरने आज दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि स्टुडिओत येऊन बसला. "भिंतीवर लावायचा फोटो आत्ताच काढून ठेव. आणि पिवळा काढून टाक. आई रोज बघेल."
काढून टाकला. फोटोत त्याला काहीच झालेलं नाही.