फोटोला वास नसतो

४ एप्रिल

आलो एकदाचे! मी, आई आणि तिची सतराशे साठ गाठोडी. खोल्या दुसऱ्या मजल्यावर आहेत, खिडकी उघडली की डोंगर अगदी अंगावर येतो. आईचं म्हणणं, घर झकास आहे, ओटा मात्र कुणा बुटक्याने बांधलाय. मागे मोठा ताप येऊन गेला, तेव्हापासून तिला वास म्हणून येत नाही. काही करपायला लागलं की सांगायला मी शेजारी उभी लागते. पण स्वयंपाकघराचा ताबा सोडतील तर त्या आमच्या मातोश्री कसल्या!

नोकरी मजेची आहे. डोंगरात फिरणारे लोक रानझाडांचे फोटो पाठवतात, आम्ही नाव सांगायचं आणि खाता येतं की नाही तेही. पडद्यावर पाठवणाऱ्याचं नाव दिसत नाही, नुसता फोटो आणि प्रश्न. हे कळल्याबरोबर आईने चिडवलं, की मीही एक दिवस गुपचूप पाठवीन, बघू लेकीला किती कळतं ते.

७ एप्रिल

आमच्या प्रमुख मॅडमनी आज एक गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली. या दिवसांत डोंगरावर रानलसूण येते, आणि तिच्या शेजारीच अगदी तशाच पानांची एक विषारी लिली. फरक वासाचा, आणि फोटोला वास नसतो. म्हणून समोरच्याला पान चुरडून हुंगायला सांगायचं, कंद उपटून त्याचा फोटो मागवायचा. तोवर उत्तर एकच द्यायचं, थांबा.

दिवसभर 'थांबा, थांबा' लिहून बोटं दुखली. मला पानं बघताक्षणी कळतात हो! पण नवीन माणसाने गप्प बसावं, म्हणून बसले.

११ एप्रिल

मॅडम डोंगरावर गेल्या होत्या, ऑफिसात मी एकटी. निघता निघता एक फोटो आला. लाल लोकरीने बांधलेली पानांची जुडी, ती धरलेला बाईचा हात, आणि प्रश्न: खायची ना? घरी आईचं कपाट जोडायचं होतं, सुतार येऊन थांबला होता. पानं तर सरळ सरळ रानलसणीची. कशाला उगाच घोळ घालायचा? लिहून टाकलं, खुशाल खा.

कपाट छान बसलं. आई खूश.

१३ एप्रिल

दवाखान्यातून मॅडमना फोन आला. एक बाई गेली. पानांचं सूप करून प्यायली होती, घरात एकटीच असायची. तिचा फोन सापडत नाही, डोंगरावरच कुठेतरी पडला असावा असं म्हणतात. उरलेली जुडी ओट्यावर होती, लाल लोकरीने बांधलेली.

मॅडमनी विचारलं, आपल्याकडे असा फोटो आला होता का. मी नाही म्हटलं. मग त्या चहा घ्यायला गेल्या तेव्हा मी फोटोही पुसला आणि उत्तरही. मॅडमनी पाठीवर हात ठेवून सांगितलं, की म्हणूनच आपण 'थांबा' लिहितो. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

आईला काही सांगितलं नाही. ताट तसंच बाजूला सारलं. सांगितलं, पित्त झालंय.

१५ एप्रिल

तो फोटो पुन्हा आला. तोच हात, तीच लोकर, मागे डोंगर. खायची ना?

कुणीतरी थट्टा करतंय म्हणावं, तर हे कुणाला माहीतच नाही. मी थांबा लिहिलं. आता काय उपयोग त्या शब्दाचा?

१६ एप्रिल

परत. आज हातामागे डोंगर नाही, गावाबाहेरचा पूल आहे. नखं निळी पडलीत.

मॅडमना खरं सांगून टाकावं म्हणून उठले, त्यांच्या दारापर्यंत गेले आणि टाचणीचा डबा मागून परत आले. शी! काय माणूस आहे मी.

१७ एप्रिल

आमच्या गल्लीचा कोपरा. शिंप्याच्या दुकानाची पायरी आणि हात.

आईला सांगितलं, दार उघडू नकोस. ती हसली. नव्या गावात दार लावून बसलं तर ओळखी कशा व्हायच्या, म्हणे.

१८ एप्रिल, दुपार

आज हात नाही. नुसती पानं, लोकर सुटलेली. खायची ना?

माझं डोकंच फिरलं. सोड की बाई मला! रागारागाने लिहिलं, हो, खा, खुशाल खा. एकदाचं पाठवलं आणि पडदा बंद करून रडले—

१८ एप्रिल, संध्याकाळ

तो फोटो आईने पाठवला होता.

घरी आले तर ती सांगतेय, कशी गंमत केली, ओळखलंच नाहीस ना, पण उत्तर मात्र पटकन दिलंस हो. एक बाई दारात जुडी घेऊन आली होती. तुमच्या मुलीनेच मला ही खायला सांगितली, असं म्हणाली. आईने तिला बसवून घेतलं. पानांचं सूप केलं—

उरलेलं पान चुरडलं. हुंगलं. वास नाही. कसलाच नाही.

दवाखान्याची गाडी निघालीय म्हणतात. आईच्या पोटात कळा सुरू झाल्यात. डाव्या हातात तिचा हात आहे, उजव्याने लिहितेय, कारण डॉक्टर विचारतील आणि माझी जीभ पुन्हा खोटं बोलेल. या वेळी नाही. देवा, या वेळी नाही—

टेबलावर दोन वाट्या रिकाम्या. तिसरी झाकून ठेवलेली. ती तुझी, आई म्हणतेय. दिवसभर उपाशी असशील, दोन घोट घे.

दार वाजतंय. गाडी इतक्यात कशी—

आई म्हणतेय, त्याच असतील. लोकर विसरून गेल्यात.

मॅडम, फोटो आला होता. मीच पुसला. मी त्यांना लिहिलं होतं, खुशाल—