येसूच्या गाडीचा लाल पट्टा

पुणे, ता. ३ ऑगस्ट १९८६

ती. नागूकाका व ती. काकी यांस येसूचा सा. न. वि. वि.

तुमचं कार्ड पोचलं. लावणी आटोपली, पण काकीचे गुडघे पावसात फार दुखतात, हे वाचून काळजी वाटली. इकडे मुलं बरी आहेत. ह्यांची बँक आणि माझं टेलिफोन ऑफिस चालूच.

आता खरी बातमी. तीन वर्षांपूर्वी नाव नोंदवलं होतं त्या छोट्या मोटारीचा नंबर लागला. हिला डिकी नाही. मागचं दार पेटीच्या झाकणासारखं वर उघडतं. पण दुकानदार म्हणतो, वर 'स्पोर्ट्स पॅकेज' बसवून घ्या. रुंद टायर, चामड्याचं लहान स्टिअरिंग, दोन्ही अंगांना लाल पट्टा, पुढे खोलगट सीटा, आणि स्प्रिंगा आखूड, म्हणजे गाडी जमिनीला धरून पळते. घ्यायचं तर सगळं, नाही तर काहीच नाही. पैशांचं जमेल. हे म्हणतात, चालवणार तू, ठरव तू.

काका, मी दुकानात त्या सीटमध्ये बसून पाहिलं. ओंजळीत धरल्यासारखं वाटलं. गाडी जागची हलली नव्हती, तरी समोरच्या काचेत मला रस्ता दिसायला लागला, दोन्ही बाजूंना झाडं, आणि पुढे कोणीच नाही. दुकानदाराने दोनदा हाक मारली तेव्हा मी भानावर आले.

तुम्ही अठ्ठावीस वर्षं एस.टी. चालवलीत. घ्यावं का हे? एक मात्र ठरलंय, गाडी आली की आधी काकीला माथेरानला न्यायचं. जन्मभर अंगणातून तो डोंगर बघते, वर एकदाही गेली नाही.

माया आहेच, ती उतू जाऊ द्या.
तुमची येसू

---

लोधिवली, ता. १४ ऑगस्ट १९८६

चि. येसू हीस नागूकाकाचे अनेक उ. आ.

पत्र वाचून तुझ्या काकीने साऱ्या आळीत गूळ वाटला. मला मात्र उरलेला डबा चाटायला मिळाला.

पॅकेज घेऊ नकोस. हमरस्त्यापासून आपल्या दारापर्यंत कसे दगड आहेत ते तुला ठाऊक आहे. बुटकी गाडी पोटावर घासेल आणि तेलाचं चेंबर फुटेल. लहान स्टिअरिंग घाटात जड जातं. त्या खोलगट सीटमध्ये काकी बसेल, पण तिला उठवायला दोन माणसं लागतील. पट्ट्याने गाडी पळत नाही. आणि तू आता दोन मुलांची आई. पळायचं वय गेलं.

साधी गाडी घे, सुखाने चालव. जावईबापूंना नमस्कार, मुलांना पापे.
नागूकाका

---

पुणे, ता. २३ ऑगस्ट १९८६

ती. काकांस सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. तुम्ही म्हणता ते सगळं बरोबर आहे. दुकानदाराला मी पुढच्या महिन्यात नको म्हणून कळवते.

तुमच्याकडे शिकायला होते तेव्हा अलिबागच्या धावण्याच्या शर्यतींनाही मी गेले नव्हतेच. कर्जतच्या शाळेतून माझं एकटीचं नाव निघालं होतं. तेव्हाही तुमचं बरोबरच होतं, मुलीला एकटं कसं पाठवायचं. मी रुसले नाही, काका. फक्त हल्ली स्वप्नात पळते, आणि दम लागत नाही.

काकीच्या गुडघ्यांना लावायला तेल पाठवते आहे. तुमच्या पायांजवळची जागा माझी राहू द्या.
येसू

---

लोधिवली, ता. ७ सप्टेंबर १९८६

चि. येसूस अनेक उ. आ.

दुकानदाराला अजून कळवलं नसशील तर थांब.

तुझं पत्र मी काकीला वाचून दाखवलं.  दोन दिवस तिने ताट नुसतं माझ्यापुढे सरकवलं. मग मी शिळफाट्याला जमालकडे गेलो. आमच्या डेपोतला हा जुना मेकॅनिक, आता त्याचं स्वतःचं गॅरेज आहे. त्याच्याकडे अशीच एक पट्ट्यांची गाडी दुरुस्तीला आली होती. ती तपासून पाहायची म्हणून निघाला आणि चावी माझ्या हातात दिली.

खालापूरपर्यंत गेलो. पाऊस नुकताच थांबला होता, दोन्ही बाजूंना भात हिरवं आणि ढग पार शेतावर उतरलेले. येसू, माझ्या पाठीमागे पन्नास माणसं नव्हती. घंटी नव्हती, कुठल्या थांब्यावर कोणी हात दाखवत नव्हतं. गाडी वळणावर नुसती झुळकीसारखी फिरली. मी कुठे चाललोय तेच विसरलो. जमाल हसून म्हणाला, "नागूभाऊ, पुण्याला निघालास का?"

जमालचं म्हणणं असं, की पॅकेज सगळं घ्यावं, फक्त मूळच्या लांब स्प्रिंगा दुकानदाराकडून मागून घ्याव्यात. त्या तो इथे बसवून देईल. मग दगडांची भीती नाही.

राहिली काकी. ती रोज सकाळी अंगणात पाट टाकून त्यावर बसते आणि खांबाला धरून उठते. पहिल्या दिवशी दोनदा, आता दहादा. मी विचारलं, हे काय चाललंय. म्हणाली, "तिला सांगा, गाडी घे. उठायचं माझं मी बघते."

अलिबागचं म्हणशील, तर तेव्हा माझं चुकलं. मी सोबत यायला हवं होतं. रजा मिळाली असती. मी मागितली नाही.
नागूकाका

---

पुणे, ता. १६ डिसेंबर १९८६

ती. नागूकाकांस सा. न. वि. वि.

रविवारी काकीला अंगणात सोडून तसंच निघावं लागलं, सोमवारी पहाटेची ड्यूटी होती. तुम्ही झोडणीला खळ्यावर होतात. काकी तुम्हांला काही सांगणार नाही, म्हणून लिहिते आहे. तिने मला शपथ घातली नव्हती, नुसते डोळे वटारले होते.

जमालने बसवलेल्या लांब स्प्रिंगांमुळे गाडी दगडांवर कुठे घासली नाही. नेरळपर्यंत ती खोलगट सीटमध्ये देवळात बसावी तशी बसली होती. घाट लागला तसा तिने पदर कमरेला खोचला. तुम्ही सांगितल्याप्रमाणे पहिल्या गिअरवर, न थांबता चढवली. वळणागणिक खालची शेतं लहान होत गेली. धुकं होतं, ऊन त्यातून गाळून येत होतं. वर दस्तुरी नाक्याला पोचलो. तिथून पुढे मोटार जात नाही. घोडेवाले आले, हातरिक्षावाले आले. मी रिक्षा ठरवली आणि काकीला उठवायला हात दिला.

ती उठेना. मला वाटलं गुडघे अडले. मी घाबरले. तर ती म्हणाली, "नाय गं, पाय बरे हायत. खाली जाऊ आणि परत वर येऊ."

मी म्हटलं, अगं, माथेरान इथून पुढेच आहे, पॉइंट बघायचे नाहीत का? त्यावर तिने लाल मातीच्या वाटेकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, "डोंगर रोजच बघते. आजवर जिथं गेले तिथं काम होतं. हे नुसतं जाणं पयल्यांदाच."

मग आम्ही खाली उतरलो. नेरळला गाडी वळवली आणि पुन्हा घाटाला लागलो. काकीने काच पुरती खाली केली. वाऱ्याने तिचे केस सुटले, तिने ते आवरले नाहीत. मी रस्ता सोडून दुसरीकडे बघत नव्हते, पण ती हसत होती, ते मला ऐकू येत होतं.

तिसऱ्यांदाही गेलो, काका. आशीर्वाद असू द्या.
तुमची येसू