तनयाचं ट्रिपल

४ जानेवारी १९९७, नोएडा

परत आलो. न टोचता! नर्सनं सुई भरली होती, मी तनयाची मांडी धरली होती, तेवढ्यात सासूबाई मध्ये आल्या – "नको हं. माझ्या सुनेला या ट्रिपलनंच फिट्स लागल्यात. नातीला नाही टोचायचं." उन्मेषनं मान डोलावली, सगळ्यांना मारुतीत घातलं. "रिस्क कशाला, यार."

मी अडवलं नाही. कारण मलाही तेच वाटतं. लहानपणापासून ऐकत आलेय – आठ महिन्यांची असताना ट्रिपल टोचलं आणि फिट्स सुरू झाल्या. माझं लग्न ठरवतानाही आई यांना हेच म्हणाली. "घराण्यात काही नाही हो. सुईनं झालंय."

७ जानेवारी

खालच्या शिवांगीच्या मुलाला डांग्या खोकला – ट्रिपलची लस ज्यासाठी टोचतात तोच. जिन्यात ऐकू येतो. खोकून खोकून पोर श्वास ओढतं तेव्हा अंगावर काटा येतो. तनया जेमतेम साडेतीन महिन्यांची.

सासूबाईंनी खिडक्या लावून घेतल्या. झाला उपाय!

१० जानेवारी

गोळ्या लिहून घ्यायला न्यूरॉलॉजिस्टकडे. बाकावर सगळे माझ्यासारखेच, फिट्स येणारे. मी मुद्दाम सुईचा विषय काढला. पानिपतच्या एक बाई ठणकावून म्हणाल्या, "ना जी! मुझे बुख़ार के बाद हुआ था, पर टीका हमारे घर में अब कोई नहीं लगवाता." शेजारचा मुलगा म्हणाला, "बिल्कुल." का बिल्कुल? माहीत नाही. माझीही मान हलली होती, लाज वाटते.

डॉक्टर वैतागले. "दौरे आपको पड़ते हैं, बच्ची को नहीं. टीका लगवाइए."

घरी सांगितलं. सासूबाई – "डॉक्टरांचं काय जातंय!" म्हटलं, मी एकटी घेऊन जाते तिला. उन्मेष म्हणाला, "आणि रस्त्यात तुला फिट आली तर?"

गॅसपाशी एकटीनं उभं राहायचं नाही. न्हाणीची कडी लावायची नाही. आता स्वतःच्या मुलीला कडेवर घेऊन नोएडातला एक रिकामा रस्ता ओलांडायचा नाही!

१३ जानेवारी

तनयाला शिंका. मी दिवसभर दारामागे उभी, खाली कोण खोकतंय ते ऐकत.

१५ जानेवारी

दिल्लीतल्या आर. के. पुरमहून आई आली. तिळगूळ घेऊन. मी भांडायच्याच तयारीत होते. "सुईचं यांना तू सांगितलंस. आता तूच समजाव. माझ्या पोरीला काही झालं तर तुझं तोंड बघणार नाही!"

आई तनयाचे पाय चोळत राहिली. मग उठून दार लोटलं.

"पहिली फिट सुईच्या आधीची आहे, वीणा. पाच महिन्यांची होतीस."

"काय?"

"माझ्या भावालाही होतं. विष्णूला. विहिरीवर पाय घसरून गेला असं सांगायचो आम्ही. पण फिट आली होती."

"आणि मला सुईचं का सांगितलंस?"

"तुझ्यामागे विनया होती. दोघी बहिणींची लग्नं व्हायची होती. घराण्यात आहे म्हटलं असतं तर कोण आलं असतं दारात?"

आयुष्यभर एका सुईला शिव्या घातल्या मी! आणि हिनं घालू दिल्या. तिच्यासमोर तिळगुळाचा डबा कचऱ्यात उपडा केला. ती पुन्हा तनयाचे पाय चोळायला बसली. भांडायला हवं होतं तिनं. मला अजून ओरडायचं होतं.

उन्मेष आल्यावर त्याला आणि सासूबाईंना समोर बसवून सगळं सांगितलं. आईच्या देखत.

"म्हणजे फसवलंत आम्हाला," उन्मेष म्हणाला.

"हो. उद्या तिला टोचायचं. मग काय ते बोल."

सासूबाई आईकडे बघतही नव्हत्या.

१६ जानेवारी

टोचलं. उन्मेष ऑफिसला उशिरा गेला.

१७ जानेवारी

ताप उतरला. दुपारी तनया झोपेत दचकली – बाळं दचकतातच! सुईचं नाव कोणी काढलं नाही. उन्मेष आणि सासूबाई, दोघांनी माझ्याकडे बघितलं. मी वाकले आणि बोटानं तिची पापणी वर करून बघितली, बुबुळ फिरलंय का.