तक्रार परत येत नाही

३ तारीख, सोमवार

बदलीच्या गावी आज पोचले आणि चक्क खुशीत आहे. क्वार्टरला अजून रंग लागायचाय, पण साहेबांनी पहिलंच काम असं दिलं की राहायचा प्रश्न आपोआप मिटला. वृद्धाश्रमाची राहून पाहणी! आठवडाभर तिथल्याच पाहुण्यांच्या खोलीत मुक्काम ठोकायचा, बघायचं, हुंगायचं आणि शेवटी परवाना पुढे चालू ठेवायचा की नाही ते सांगायचं. जुन्या ऑफिसात मला पाठीमागे ‘भिंग’ म्हणायचे. मला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडायचंही.

हुंगायचं म्हणते ते खरोखरच. अशा ठिकाणी पहिला निकाल नाक देतं. लघवीचा वास आला की समजायचं माणसं अपुरी आहेत. नुसता फिनाईलचा आला की समजायचं काहीतरी झाकलंय. इथे कसलाच वास नाही! न्हाणीघरातले धरायचे दांडे हलवून पाहिले, गच्च आहेत. नळाचं गरम पाणी हाताला सोसतं. पांघरुणं वर करून टाचा आणि कंबरा तपासल्या, पडून पडून होतात तशी एकही जखम नाही. फरशी तर अशी चकचकीत की मी पूर्ण गुण देऊन टाकले.

मेट्रनबाई म्हणजे इस्त्रीतून नुकत्याच बाहेर आल्यासारख्या. मी त्यांना पहिल्याच भेटीत सुनावून ठेवलं की तुमची माणसं किती पटकन धावतात याचं मला कौतुक नाही. तीच तक्रार परत येते की नाही, ते मी बघते. त्या मनापासून हसल्या. म्हणाल्या, आमचंही अगदी तेच धोरण आहे, इथे तक्रार परत येत नाही.

मग माझ्या खोलीतली उशाची बेल दाबून पाहिली. रबरी चपलांचा चर्र-चर्र आवाज करत एक मावशी लगेच हजर. काय हवंय, असं तिनं विचारलं. हवं काहीच नव्हतं, पण परीक्षेला काहीतरी गरज सांगावी लागते. बाहेर वॉचमनचा कुत्रा भुंकत होता, म्हटलं याचा त्रास होतो.

आणि खरं कारण रोजनिशीपासून काय लपवायचं? मी आईसाठी जागा शोधतेय. ती भावाकडे असते, आणि वहिनीनं आता हात टेकलेत. आई पलंगावर बसून दिवसभर ग्लासवर चमचा वाजवते. पंखा वाढव, पंखा कमी कर, खिडकी उघड, अगं वारा आला लाव. आणि उठता-बसता एकच पालुपद, या पोरीच्या काळजीनं माझ्या डोळ्याला डोळा लागत नाही. पोरगी म्हणजे मी. पन्नाशी उलटली, नवरा केला नाही, तोंड फाटकं. तर चमचा वाजला की कुणीतरी यावं, एवढीच माझी अट आहे. मी परवाना देणार ते घर माझ्या आईच्या लायकीचं हवं.

४ तारीख, मंगळवार

कुत्रा गप्प! दुपारी मस्त डुलकी लागली. वॉचमन मात्र फाटकाशी तोंड पाडून बसला होता. त्याला विचारलं कुत्रा कुठंय, तर त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढे काही विचारलंच नाही. लोकांना तक्रार केलेली आवडत नाही, त्याला मी काय करणार?

आज सगळ्या खोल्या फिरले. नवल म्हणजे दिवसभरात एकही बेल वाजली नाही. दुसरीकडे कसा बेलचा नुसता बाजार भरलेला असतो. इथले म्हातारे तृप्त दिसतात. गप्प, स्वच्छ, केस विंचरलेले.

समोरच्या खोलीत गणिताच्या बाई आहेत, निवृत्त शिक्षिका. शब्दकोडं सोडवत होत्या आणि दुपारचं ऊन थेट डोळ्यांत. मी बेलकडे हात नेला तर त्यांनी माझं मनगटच धरलं. म्हाताऱ्या माणसांना भीड फार. मी हळूच हात सोडवून घेतला आणि बटण दाबलं. मावशीला सांगितलं, उन्हाचा बाईंच्या डोळ्यांना त्रास होतो, जरा बघा.

बाई मला थँक्यूसुद्धा म्हणाल्या नाहीत.

५ तारीख, बुधवार

कामाचा उरक पाहून तोंडात बोटं घालायची वेळ आली. बाईंच्या दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या. मेट्रनबाई म्हणाल्या, मोतीबिंदू होता, डॉक्टरांनी काल संध्याकाळीच करून टाकलं. आमच्या खात्यात साधा पडदा मंजूर व्हायला वर्ष जातं! पडदा मात्र त्यांनी लावला नाहीये. बाई लख्ख उन्हात पडून होत्या. पडद्याचं विचारलं, तर मेट्रनबाई म्हणाल्या, आता गरज नाही.

दोन डोळे एकाच दिवशी करतात का? मनात आलं खरं. पण मी काही डॉक्टर नाही.

पलीकडच्या खोलीतले टेलरकाका काहीच बोलत नाहीत. आयुष्यभर कात्री चालवली म्हणे. नखं वाढलेली, अंग खाजवून ओरखडे काढलेले. मी बेल दाबताच त्यांनी दोन्ही हात पांघरुणात लपवले, नखं कापायच्या वेळी लहान मुलं लपवतात तसे. मला हसू आलं. मावशीला म्हटलं, यांची नखं सारखी वाढतात, कुणी लक्षच देत नाही.

भावाला फोन करून तोंडभर कौतुक केलं. तो तर टपूनच बसला होता. शुक्रवारी सकाळीच आणून सोडतो म्हणाला. त्यानंतर आईचेच फोन. तिथे उशी मऊ आहे का, तू जेवलीस का, तुझा आवाज असा का येतोय. शेवटी चहा घेऊन आलेल्या मावशीला मी हसत म्हटलं, हा फोन माझ्या जिवाला खातो बाई.

६ तारीख, गुरुवार

फोन नाहीसा झालाय. खोली पालथी घातली. मेट्रनबाईंना विचारलं तर त्यांनी शांतपणे सांगितलं की मावशीनं नेला, आता त्रास मिटला ना? मी भडकले. म्हटलं, ही काय थट्टा आहे? आत्ताच्या आत्ता परत द्या. त्या म्हणाल्या, परत येणार नाही. मग भावाला कळवायला ऑफिसातल्या फोनकडे गेले, तर भिंतीवर नुसत्या तारा लोंबताहेत. तो फार वाजायचा म्हणे.

ही काय पद्धत झाली? खरमरीत शेरा मारणार आहे. साहेबांना सांगून यांची चांगली हजेरी घेते. आईचं इथलं येणं तूर्त थांबवावं असं वाटतंय, पण कळवायचं कसं? चालत बाजारापर्यंत जायला निघाले, तर फाटकाला कुलूप. किल्ली मेट्रनबाईंकडे, मेट्रनबाई डॉक्टरांबरोबर कामात. वॉचमन माझ्याशी बोलतच नाही.

टेलरकाका दिवसभर झोपून आहेत. पांघरूण गळ्यापर्यंत.

७ तारीख, शुक्रवार

भाऊ सकाळी आला. गाडीचं इंजिनसुद्धा बंद केलं नाही त्यानं. आईला चाकांच्या खुर्चीत बसवलं, बॅग टेकवली, मी फोनचं सांगायला तोंड उघडतेय तोवर गाडी वळलीसुद्धा, आणि फाटक लागलं. आईला मात्र घर पसंत पडलं. माझ्या शेजारचीच खोली मिळालीय, मधली भिंत पातळ आहे, हाक ऐकू येते. प्रवासानं दमून ती लगेच घोरायला लागली. बेल कुठंय ते अजून तिनं पाहिलेलं नाही.

त्यानंतर मी टेलरकाकांच्या खोलीत गेले. पांघरूण वर केलं. माझी रोजची सवय, टाचा बघायची.

हात मनगटापाशी संपतात. दोन्ही. वर पांढऱ्या पट्ट्या, व्यवस्थित, कोपरे दुमडून.

मागे मेट्रनबाई उभ्या होत्या. म्हणाल्या, आता वाढणार नाहीत.

मी धावत गणिताच्या बाईंकडे गेले. बाईंनी पावलांवरून मला ओळखलं. फार हळू बोलल्या. मोतीबिंदू नव्हताच. उन्हाचा त्रास डोळ्यांना होतो ना, म्हणून डोळे. टेलरकाकांनी मागे एकदा सांगितलं होतं की बायकोची फार आठवण येते. तेव्हापासून त्यांना काहीच आठवत नाही, बोलताही येत नाही. इथे बेल कुणी दाबत नाही, बाई म्हणाल्या. तुम्ही दाबलीत.

मी दाबली. भिंग म्हणे! माझ्या डोळ्यांदेखत सगळं होतं आणि मी गुण देत बसले. मला ओकारी झाली. ती मीच पुसली, कुणाला दिसायच्या आत.

आईला उठवायचं. आत्ताच.

८ तारीख, शनिवार

पडले. काल आईची चाकांची खुर्ची ढकलत पळत निघाले आणि त्या चकचकीत फरशीवर घसरले. डावा घोटा. कळ मस्तकात गेली, पण मी ओठ चावला. ‘आई गं’सुद्धा म्हटलं नाही. हसून दाखवलं. मावशीला म्हटलं, काही नाही झालं, काहीच दुखत नाही, मला काही नको.

दोघींना आपापल्या खोलीत आणून टाकलं.

आईला भिंतीतून सांगतेय, बेलला हात लावू नकोस. लागेल ते मला सांग. पंखा, पाणी, काहीही. ती म्हणते तुझं आपलं काहीतरीच, इथली माणसं किती गोड आहेत, वहिनीला इथे शिकायला पाठवायला हवं. म्हणते तू कण्हत का होतीस रात्री?

कण्हत नव्हते म्हटलं. आई, मी कण्हत नव्हते, मला काही दुखत नाही, ऐकतेस ना—

बेल. तिनं दाबली.

माझ्या लेकीचा पाय फार दुखतोय हो, बघा ना जरा. असं म्हणाली. मला स्पष्ट ऐकू आलं.

मी दाराला टेबल लावलंय. दार बाहेर उघडतं. सोमवारी मीच तपासलं होतं, संकटात सोयीचं पडावं म्हणून. पूर्ण गुण दिले होते—

१० तारीख असावी

पाय दुखत नाही. हे मात्र खरं.

चादरीखाली डाव्या बाजूला गादी सपाट आहे. हात घालून बघायचा धीर होत नाही. वही गादीखाली होती. पेन्सिल आहे.

मेट्रनबाई येऊन गेल्या. परवान्याचं काहीच बोलल्या नाहीत. उशी नीट केली. काही त्रास? विचारलं. मी मान हलवली, नाही. पुन्हा विचारलं. नाही, नाही. घशाला कोरड पडलीय. पाणी मागितलं नाही.

आई पलीकडे जागी आहे. तिला सांगू तरी काय? पायाचं सांगितलं तर ती पुन्हा—

हलकेच हाक मारली. म्हटलं, आई, मी मजेत आहे. ती म्हणाली, तुझा आवाज असा का येतोय?

दुपार

कडक ऊन आहे. सगळीकडे सामसूम.

आईची बेल.

चर्र-चर्र. दोघीतिघी आहेत. आई गोड आवाजात बोलतेय. म्हणतेय, मला काही नको हो, तुमचं सगळं छान आहे. फक्त या पोरीची काळजी. तिच्या काळजीनं डोळ्याला डोळा लागत नाही, दुसरा काही त्रास नाही मला.

देवा, तिची आठवण जाऊ दे. माझी. टेलरकाकांसारखी. तिला विसरू दे मला, तिचंच काहीतरी घ्या, मी लिहितेय हे, माझ्या आईबद्दल लिहितेय, चालेल मला—

मेट्रनबाई म्हणाल्या, तुमचं वय झालंय आजी, तुम्हाला कशाला त्रास. आम्ही काळजीच मिटवतो. परत येणार नाही.

आई म्हणाली, देव तुमचं भलं करो.

चपला बाहेर आल्या. इकडे वळल्या—

मी ओरडले. आई, सांग त्यांना, तुला माझी काळजी नाही. काही वाटत नाही तुला माझं. सांग लवकर—

ती म्हणतेय, ऐकलंत? बघा कशी ओरडतेय पोर. आता कशी नको वाटायला काळ—

दार. आई, सांग ना त्यांना, की मी तुझी कोणी