काडेपेटीएवढी खिडकी

ता. ६ मार्च

चि. चिमणीस,

आजीचे पोटभर आशीर्वाद. तू पाठवलेली रंगांची पेटी पोचली. टपालवाल्याला माझे कान ठाऊक आहेत, म्हणून त्याने पेटी हलवून हातानेच विचारलं, गोळ्या का? मी मान हलवली. म्हातारपणी गोळ्याच खायच्या असतात असं थोडंच आहे.

तू शाळेतल्या पोरांना चित्रकला शिकवतेस, तशीच मला शिकवून गेलीस, आणि आता माझं काही खरं नाही. दूध उतू जातं. तू पोस्टकार्डात काडेपेटीएवढी खिडकी कापून दिलीस ना, ती सारखी माझ्या पदराला. अख्खं झाड काढायला जाऊ नकोस, खिडकी खोडावर टेकव, आत दिसेल तेवढंच कागदभर मोठं काढ, असं तू म्हणालीस. आणि जे काढायचं ते खिडकीत पुरं मावू दे, कडेने थोडी मोकळी जागा राहू दे. मी अगदी तसंच करते. चौथीत शाळा सुटली, पण बाईंचं ऐकायची सवय सुटली नाही.

मागच्या अंगणातलं आपलं म्हातारं झाड म्हणजे काय गं, मी जन्मभर त्याच्यावर कपडे वाळत घातले आणि एकदा बघितलं नाही. सालीवर गोल गोल डाग आहेत, हिरवट राखाडी, त्यांना झालर आहे. तो रंग निळ्यात पिवळा आणि कणभर लाल घालून साधतो. खोडाला माझ्या डोक्याएवढ्या उंचीवर बेचकं आहे. तिथून एक अर्धं अंगणावर जातं आणि एक घराच्या छपरावर. त्या बेचक्यात एक चीर सापडली. नखाएवढी, आत काळीभोर, कडेने मुंग्या ये-जा करतात. तेच चित्र सोबत पाठवते.

बारकं दिसावं म्हणून मी घड्याळजींचं भिंग पळवते. घड्याळजी म्हणजे तुझे आजोबा, दुसरं कोण. झाडाखाली टेबल मांडून दिवसभर लोकांची घड्याळं उघडून बसतात. भिंग नेलं की काम अडतं, मग घरभर माझ्यामागे फिरतात आणि तोंडाने काय काय बोलतात. मला ऐकू येत नाही, हे माझं सुख.

जेवत जा. लोभ आहेच, तो ओला राहील असं बघ.

तुझी आजी

ता. ११ मार्च

ती. आजीस,

शि. सा. न. वि. वि. तुझं चित्र भिंतीवर लावलं आहे. मुंग्यांना पाय काढलेस, एवढं आमच्या शाळेत कुणी काढत नाही.

एक विचारायचं आहे. माझ्या शेजारच्या खोलीत राहणारी बाग खात्यात आहे. रस्त्यावरची झाडं तपासणं हेच तिचं काम. ती चहा प्यायला आली आणि चित्रासमोर उभीच राहिली, चहा गार झाला. तिचं म्हणणं, बेचक्यातली चीर चांगली नव्हे, झाड तिथून उभं फाटतं. पण नुसत्या चिरेने घाबरायचं नाही, वाढते का ते बघायचं. तेव्हा दर आठवड्याला तीच जागा काढून पाठव. वाढत नसेल तर झाडाला हात लावायला नको. आणि तोवर आजोबांना टेबल दुसरीकडे न्यायला सांग. फोनवर मी सांगितलं तर ते घड्याळांचीच गोष्ट काढतात, आणि तुला फोन ऐकू येत नाही.

माया आहे तशी ठेव.

तुझी चिमणी

ता. १७ मार्च

चि. चिमणीस,

भरभरून आशीर्वाद. तुझ्या शेजारणीला माझा नमस्कार सांग आणि करवत घरीच ठेवायला सांग. तुझ्या आईच्या बाळपणापासूनचं झाड आहे. ते गेलं तर स्वयंपाकघरात ऊन येईल आणि मला रागच येईल.

घड्याळजींनी टेबल हलवलं, पण कुठे, तर भिंतीपाशी. तिथे उजेड नाही म्हणून दिवसभर कुरकुर. वर समोर येऊन, हातवारे करून सांगत होते की संध्याकाळी झाडातून आवाज येतो, जास्त चावी दिलेल्या घड्याळाची स्प्रिंग करते तसा. मी म्हटलं, मला कशाला सांगता, माझ्यासाठी झाड गप्पच असतं.

दुसरं चित्र सोबत आहे. चिरेतून आता पाणी झिरपतं, त्याचा ओघळ खोडावर उतरलाय. तो काढताना मी काहीच केलं नाही बघ. कागद ओला ठेवला, थेंबभर काळा सोडला, आणि तो आपणच खाली सरकत गेला, अगदी झाडावर सरकतो तसा. मी टाळ्या वाजवल्या. आमची इथली शेजारीण बघत होती, तिला वाटलं मला काही होतंय.

पत्राला उशीर करू नकोस, मी दारात उभी राहून थकते.

तुझी आजी

ता. २२ मार्च

ती. आजीस,

शि. सा. न. वि. वि. तुझा ओघळ बघून मला माझी नोकरी सोडावीशी वाटली.

दोन्ही चित्रं शेजारी ठेवून चीर पट्टीने मोजली. दोन्हींत रुंदी तेवढीच आहे. शेजारणीनेही बघितलं. ओघळ तिला आवडला नाही, पण चीर वाढलेली नाही म्हणजे घाई नाही, म्हणाली. पुढच्या महिन्यात त्यांची माणसं तुमच्या बाजूला येणार आहेत, तेव्हा बघून जातील. उगाच तुम्हाला घोर लावला. आजोबांना त्यांचा उजेड परत दे.

तुझ्या मायेची सवय झालेली,

चिमणी

ता. २८ मार्च

चि. चिमणीस,

अनेक आशीर्वाद, आणि घड्याळजींकडून जास्तीचे. तुझं पत्र मी मोठ्याने वाचलं आणि त्यांनी लगेच टेबल उचललं. आता तर खोडाला चिकटवूनच ठेवलंय, ऊन डोळ्यावर येत नाही म्हणतात. पाठ झाडाला टेकून बसतात. दोन म्हातारे एकमेकांना धरून बसल्यासारखे दिसतात.

तिसरं चित्र पाठवते, आणि हे माझं सगळ्यात चांगलं. चीर इतकी देखणी झालीय, काय सांगू. तुझ्या काडेपेटीच्या खिडकीत ती मागच्या वेळीच मावेना. कडेने मोकळी जागा सोडायला तूच सांगितलंस, मग मी चहाच्या खोक्याचा पुठ्ठा घेऊन मोठी खिडकी कापली. आता तीही पुरेना, म्हणून जोड्याच्या खोक्याचं झाकण कापलं. कागद मात्र तोच, तेवढाच. सगळं नीट बसवलंय, बघ.

आणि एक गंमत. पांढरा रंग लावायचा नसतो, उजेडासाठी कागदच कोरा सोडायचा, हे तुझं सांगणं मला आता कळलं. चिरेच्या मधोमध मी बारीक कोरी रेघ सोडलीय. तिथून पलीकडचं आकाश दिसतं.

दोन दिवस वारा आहे. कपडे वाळत घातले की दोरी ताणली जाते, पुन्हा सैल पडते, पुन्हा ताणली जाते. दोरीचं एक टोक झाडाला आहे ना.

येशील तेव्हा जुने ब्रश आण. लोभ कमी झाला तर कळवू नकोस.

तुझी आजी

ता. ३१ मार्च

आजी,

नमस्कार मागाहून. हे उभ्यानेच वाच.

आजोबांना आत्ता झाडाखालून उठव. तूही जाऊ नकोस, कपडे काढायलासुद्धा नाही. छपरावरचं अर्धं ज्या खोलीवर आहे तिथेही थांबू नका, रस्त्याच्या बाजूला जा. मी आधीच्या दोन्ही चित्रांतली चीर सारखी समजले. खिडकी बदललीस हे मला माहीत नव्हतं. नखाएवढी होती ती आता तुझ्या हाताएवढी असणार.

सकाळपासून फोन लावते आहे, कुणी उचलत नाही. बाग खात्याची गाडी माणसं आणि दोर घेऊन निघते आहे, तिच्यात जागा नाही, म्हणून पत्र ड्रायव्हरकडे देते. मी मागून बसने येते.

आजोबा ऐकणार नाहीत. काहीही कर.

चिमणी

ता. ५ एप्रिल

चि. चिमणीस,

आशीर्वाद. तू येऊन दोन दिवस राहून गेलीस, पण तुझ्यासमोर हे बोलायला जमलं नाही. तुझ्या आजोबांनीही तुला नीट सांगितलं नसेल. ते हल्ली कमी बोलतात.

ड्रायव्हरने पत्र हातात दिलं. मी ते उभ्याने वाचलं, तू सांगितलंस तसं. मागे गेले तर हे घड्याळात डोकं घालून बसलेले, पाठ झाडाला. मी हाताला धरून ओढलं. त्यांनी बोट वर केलं, म्हणजे एक स्क्रू राहिलाय. चष्म्यामागे कपाळाला आठी. मी पत्र दाखवलं, तर ते भिंगातून वाचायला लागले, सावकाश, पहिल्या ओळीपासून.

मग मी भिंग हिसकावलं आणि घराकडे चालू लागले. पळाले नाही, पळाले असते तर त्यांना संशय आला असता. नेहमीसारखीच चालले. मागे ते येतायत की नाही हे मला ऐकू येत नाही, तुला माहीत आहे, आणि वळून बघायची हिंमत नव्हती. उंबऱ्यापाशी पायाखालची फरशी हलली. त्याच वेळी माझ्या खांद्यावर त्यांचा हात पडला आणि त्यांनी असा घट्ट दाबला की अजून काळं निळं आहे. मी वळले ते त्यांचं तोंड बघायला. टेबल मला नंतर दिसलं, म्हणजे दिसलं नाहीच. अंगणावरचं अर्धं त्याच्यावर पडलं होतं.

पुढे म्हणाले, तुला ऐकू आलं नाही ते बरं झालं. इतक्या वर्षांत माझ्या कानांबद्दल चांगलं बोललेले हे पहिल्यांदाच.

आम्ही इथल्या शेजारणीकडे निजतो. छपरावरचं अर्धं अजून उभं आहे. माणसं दोर बांधून थांबलीत, वारा पडल्याशिवाय वर चढता येत नाही म्हणतात, आणि वारा पडत नाही.

सोबत चित्र आहे. खिडकी न लावता काढलंय, रस्त्यावर उभं राहून, अख्खं. तुला हसू येईल, घर वाकडं झालंय आणि झाड कागदाबाहेर जातंय. पण घर किती लहान आहे आणि झाड त्याच्यावर किती ओणवं आहे, हे मला काढतानाच दिसलं.

खोडाच्या बुंध्याशी मी एक रेघ ओढलीय, ती ब्रश घसरला म्हणून नव्हे. कालपर्यंत ती नव्हती. एवढ्या लांबून नखाएवढी दिसते. जवळ जाऊन बघितली नाही. भिंग यांनी खिशात ठेवलंय आणि मीही मागितलं नाही.

शेजारणीच्या पत्त्यावर लिही. माया तिथेही पोचते.

तुझी आजी